वासुदेवजींचा शेरा

आमचे शेजारी वासुदेवजी झाडे चहा देताना आधी रिकामा कप उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटून आत बघतात, मग उजव्या हाताची करंगळी आत घालून गोल फिरवतात, बाहेर काढून ती करंगळीही बघतात आणि मोठ्याने म्हणतात, "खाली." म्हणजे रिकामा. त्यानंतर त्या कपात चहा ओततात आणि तो आपल्याला प्यावा लागतो. माझी बायको सुनंदा त्यांच्याकडे गेली की तिला नेमकी त्याच दिवशी ॲसिडिटी असते. मी मात्र पितो. आता तर इतकी सवय झाली आहे की दुसरीकडे कोणी करंगळी न फिरवता चहा दिला तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

या करंगळीला इतिहास आहे. वासुदेवजी पोलीस खात्यात आर्मरर होते. आर्मरर म्हणजे खात्याच्या बंदुका उघडणारा, पुसणारा आणि 'ही चालेल, ही चालणार नाही' असं सांगणारा माणूस. हत्यार हातात आलं की ते रिकामं आहे का हे आधी डोळ्याने बघायचं, मग करंगळीने, कारण डोळा फसतो. मग मोठ्याने 'खाली' म्हणायचं. देणाऱ्यानेही म्हणायचं आणि घेणाऱ्यानेही. उभी नोकरी त्यांनी या एका नियमावर काढली. निवृत्त झाले तेव्हा बंदुका तिकडेच राहिल्या, नियम तेवढा त्यांच्याबरोबर सिंदी मेघेला घरी आला.

एकदा पावसात अडकलो म्हणून मी त्यांच्याकडे छत्री मागितली. त्यांनी ती उघडली, आत डोकावले, दांड्यावरून करंगळी फिरवली, "खाली" म्हणाले आणि माझ्यापुढे धरली. मी ओढली तर सोडेनात.

"म्हना नं," वासुदेवजी म्हणाले.

"काय म्हणू?"

"खाली."

मी गेटबाहेर भिजत उभा. अंगावरून पागोळ्या चाललेल्या. शेवटी ओरडलो, "खाली!" तेव्हा कुठे छत्री सुटली. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडून कोण खाली पडलं ते बघितलं.

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "समजू नोका, पाहा." गॅस बंद आहे असं समजू नोका, पाहा. शिडी मजबूत आहे असं समजू नोका, पाहा. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, जाऊन नऊ वर्षं झाली आणि एकुलती मुलगी हैदराबादला असते. दर रविवारी सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून तिच्याशी मोठ्या आवाजात फोनवर बोलतात. गिझर पाह्यला का, गॅलरीचा कठडा हलवून पाह्यला का, असं सगळं झालं की शेवटी जावयाची चौकशी. एकदा ती म्हणाली असावी, बरे आहेत बाबा. इकडून लगेच उत्तर गेलं, "समजू नको, पाह्य."

इथवर सगळं गोड आहे. पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडूचा एक तुकडा असतो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे खडू माझ्याकडचेच. तेही ते मोडके असतील तरच घेतात. जे तपासलं आणि पटलं नाही, त्यावर ते या खडूने 'नापास' लिहितात. कॉलनीच्या बागेतला झोपाळा झाला. गणपतीच्या मांडवाचा जिना झाला. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या सिंहासनासारख्या खुर्चीच्या पाठीवर लिहून ठेवलं आणि वरपक्षाचा स्वाभाविकच गैरसमज झाला. हातघाईवर येणार होतं. संध्याकाळी त्या खुर्चीचा पाय खरंच निखळला, तेव्हा तीत नवरदेवाचे काका बसले होते. पण तोवर वासुदेवजी न जेवता घरी आले होते.

सुनंदाच्या कुकरचीही तीच गत झाली. फिरवून बसवायचं झाकण, त्याच्या काठाला ते अडकायचे कान. वासुदेवजी टॉर्च घेऊन कुकरपुढे गुडघे टेकून बसले.

"ताई, याचे कान पाह्यले का कधी?"

"कुकरचे?"

"वाफ कोन धरून ठेवते? कानच धरतात. हा एक कान झिजला हाय."

झाकणावर 'नापास'. माहेरून मिळालेला कुकर होता. सुनंदा त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही आणि नवव्या दिवशी मुकाट्याने नवा कुकर घेऊन आली. तो मात्र तिने त्यांना अजून दाखवलेला नाही. अशा माणसाचं जे होतं तेच झालं. ते गल्लीतून येताना दिसले की लोक हसून हात करतात, आणि गेट आतून लावून घेतात.

आता माझ्या सासऱ्यांकडे येतो. उत्तमराव त्यांचं नाव. मी त्यांना मामाजी म्हणतो. अल्लीपूरला त्यांची शेती आहे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांपासूनची एक बोल्ट ॲक्शन रायफल आहे. पीकसंरक्षणाचा रीतसर परवाना आहे, कारण तिकडे रानडुकरं तुरीत शिरली की सकाळी शेत ओळखू येत नाही. दरवर्षी दसऱ्याला दुपारी मामाजी ती रायफल घेऊन शेतात जातात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहतात आणि नाल्याच्या दरडीकडे एक बार काढतात. कागदोपत्री ते डुकरं हाकलणं. गावाच्या लेखी ती दसऱ्याची सलामी. तो आवाज झाल्याशिवाय गावात कोणी कोणाला सोनं म्हणून आपट्याचं पान देत नाही. बार झाला की सगळं गाव आधी मामाजींना सोनं देतं. त्या दिवशी त्यांच्या डोक्याला फेटा असतो आणि ते कोणाशी फारसं बोलत नाहीत.

यंदा दसऱ्याच्या आधी सुनंदाच्या वहिनीचा फोन आला. गेल्या वर्षी बार काढल्यावर मामाजींचा उजवा डोळा चार दिवस लाल होता. धूळ गेली म्हणाले. त्याच्या आदल्या वर्षीही धूळच गेली होती. सुनंदा घाबरली. वडिलांना 'बंदूक उडवू नका' म्हणायची छाती माहेरी कोणाची नव्हती, आणि जावयाने ते म्हणणं म्हणजे तर संपलंच.

तेव्हा मला वासुदेवजी आठवले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि सहज बोलून गेलो, "तुम्ही चला आणि नापास करून टाका. तुमचं ते ऐकतील."

वासुदेवजींनी कप खाली ठेवला.

"तपासल्याबिगर नापास? मास्तर, तुमी पेपर न पाह्यता नापास करता का?"

एकदोन वर्षी केलंही आहे, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"मी येतो," ते म्हणाले. "पन चांगली निघाली तं पास म्हनीन. मंग ताईनं रडू नाई."

म्हणजे मी स्वतःच्या हाताने नवी आफत ओढवून घेतली होती. रायफल पास झाली असती, तर खात्यातल्या तज्ज्ञाचा शिक्का लागला म्हणून मामाजींनी एकाच्या जागी दोन बार काढले असते.

नवमीला सकाळी आम्ही तिघे माझ्या जुन्या गाडीने निघालो. म्हणजे निघणार होतो. वासुदेवजींनी आधी गाडीची चाकं, बोनेट आणि डिकी पाहिली, डिकीत वाकून "खाली" म्हणाले, आणि माझ्याकडून वदवून घेतल्यावर आपली लाकडी पेटी तिथे ठेवली. त्यात एक तास गेला. शेरा त्यांनी तोंडी दिला, "चालवा, पन हळू."

अल्लीपूरला पोचलो तेव्हा अंगणात खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती. विळे, कुदळी, वखराची पास म्हणजे पातं, आणि मधोमध पाटावर रायफल. झेंडूची माळ, हळद, कुंकू, अक्षता. बोल्टवर शेंदूर आणि तेलाचं लिंपण इतकं जाड की खालचं लोखंड दिसू नये. दर नवमीला आदल्या वर्षीच्या थरावर नवा थर चढत गेलेला. बोल्टच्या मुठीला लाल धागा बांधलेला आणि त्याच धाग्याचे चार वेढे मागच्या छोट्या खटक्यालाही. बंदूक चुकून उडू नये म्हणून असतो, तो हा खटका. पूजेत बांधलेला धागा कापायचा नाही, म्हणून तो कोणी कापला नव्हता. त्यामुळे खटका कित्येक वर्षं उघडाच बांधला गेला होता.

वासुदेवजी पाटाजवळ बसले आणि त्यांनी रायफल चारी बाजूंनी बघून घेतली.

"उत्तमरावजी, तुमी तं याचा देव केला. देवाले कोन तपासते?"

"माह्या बापाच्या हातची वस्तू हाय साहेब," मामाजी म्हणाले.

"खाली हाय?"

"घरची बंदूक हाय. मले माहीत नाई का? खाली हाय."

"समजू नोका, पाहा."

त्यांनी हात जोडले, धागा सोडवला आणि मूठ उचलून बोल्ट मागे ओढला. तो कुरकुरत, नाराजीने मागे आला. वासुदेवजींनी टॉर्च लावली, आत पाहिलं आणि करंगळी घातली. करंगळी बाहेर आली तेव्हा तिच्यावर अक्षतांचे तीन दाणे, झेंडूची एक वाळकी पाकळी आणि आपट्याच्या पानाचा तुकडा होता. तो सगळा ऐवज त्यांनी मामाजींच्या तळहातावर ठेवला. मामाजींनी तो पाहिला, मूठ मिटली आणि हळू आवाजात म्हणाले, "आता खाली."

तिथून पुढे मामाजी विरोध करायचे थांबले. बाज ओढून त्यांच्यासमोर बसले.

मला या विषयातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी वासुदेवजींनी मला पोराला शिकवावं तसं शिकवलं. बोल्ट म्हणजे तो लोखंडी दांडा. मूठ उचलून मागे ओढायचा, गोळी घालायची, पुढे ढकलून बंद करायचा. गोळी सुटते तेव्हा तिचा जोर मागेही येतो, आणि दांड्याच्या पुढच्या टोकाचे दोन कान तो जोर अडवून धरतात. कान तुटले तर अख्खा दांडा मागे येऊ शकतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

त्यांनी पेटीतून पांढरं फडकं काढून अंथरलं. बोल्टवरचा आकडा आणि रायफलीवरचा आकडा ताडून पाहिला. जुळला. "एका घरचे हायेत," म्हणून खूश झाले. मग वाटीत घासलेट घेऊन ब्रशने बोल्ट धुवायला बसले. शेंदूर सुटेना. पहिली वाटी लाल झाली, दुसरी लाल झाली, तिसरी गुलाबी. घासता घासता ते बोल्टशी बोलत होते. "किती लावलं रे बावा तुले." हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. आमच्या कुकरशी ते असं बोलले नव्हते.

लोखंड स्वच्छ झाल्यावर त्यांनी भिंग काढलं. बोल्टचं तोंड, म्हणजे गोळीच्या बुडाला टेकतो तो भाग, त्यांनी मामाजींना दाखवला. मधल्या बारीक भोकाभोवती लोखंड खाल्ल्यासारखं झालं होतं.

"इथून धूर मांगं आला हाय. एकदा नाई, लय वेळा."

स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा येऊन उभी राहिली होती.

"मास्तर, खडू," वासुदेवजी म्हणाले.

मला वाटलं, आता लिहितात. मामाजींच्या वडिलांच्या रायफलीवर माझ्या शाळेच्या खडूने 'नापास'. मी नाइलाजाने खडू दिला. त्यांनी तो लिहायला घेतलाच नाही. कागदावर घासून त्याची भुकटी केली. बोल्ट घासलेटात बुडवून ठेवला, आम्ही चहा घेतला, मग बाहेर काढून पुसून लख्ख कोरडा केला आणि त्याच्या कानांवर ती भुकटी भुरभुरली. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर डाग पडतो. नसेल तर भुकटी पांढरीच राहते.

आम्ही चौघे एका बोटभर लोखंडाकडे बघत बसलो. एका कानाची भुकटी पांढरीच राहिली. दुसऱ्या कानाच्या मुळाशी एक काळसर रेघ उमटली. केसासारखी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पुसा," मामाजी म्हणाले. "हात लागला असन."

वासुदेवजींनी पुसलं, पुन्हा भुकटी टाकली. पुन्हा तीच रेघ.

"अजून एकदा पुसा."

दुसरा कोणी असता तर वासुदेवजींनी त्याला सुनावलं असतं. त्यांनी तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून केलं. बुडवलं, वाट पाहिली, पुसलं, भुरभुरलं. रेघ आली. ती यायला लागली तसं मामाजींनी तोंड फिरवलं आणि वखराच्या पासेकडे बघत राहिले.

"दोन वर्षांपासून डोयात धूर येते," ते म्हणाले. "गरम धूर. मले कयलंच होतं."

"मंग काऊन उडवत होते?" वासुदेवजींनी विचारलं.

"लोक पानं घेऊन उभे रायतात नं साहेब. बार नाई झाला तं म्हनतीन, उत्तमराव थकला. मी डोये मिटून उडवत होतो. मांगल्या वर्षी तं घोडा दाबताना मायची आठवन आली. उद्याचंही मनात भेव होतंच. पन मी स्वतःहून नाई म्हनू शकत नव्हतो. कोनी तरी सांगाले पाह्यजे होतं."

सुनंदा आत निघून गेली. मला आठवतं, मी उगाच खडूची भुकटी बोटाने गोळा करत बसलो होतो. ज्या माणसाच्या बाराशिवाय दसरा होत नाही असं आम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगत आलो, तो दोन वर्षं डोळे मिटून, जीव मुठीत धरून आमचा दसरा साजरा करत होता.

वासुदेवजींनी पेटीतून वही काढली. तपासलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद तिच्यात असते. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द असतात, पास किंवा नापास. बहुतेक ठिकाणी दुसराच. ते बराच वेळ पेन धरून बसले. मग हळूहळू लिहिलं, पान फाडलं आणि मला दिलं. वहीतलं पान त्यांनी फाडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"उद्या लोक जमले का हे वाचजा. बार नाई काढायचा. हथियार पाटावर ठेवा, बोल्ट काढून बाजूले ठेवा. परवा मी सोबत येतो, ठाण्यात जमा करू."

"अन् तुमी उद्या नाई येत का?" मामाजींनी विचारलं. "या नं साहेब. तुमीच वाचा."

"उद्या नाई जमत. उद्या माह्या घरी लोक येतात सोनं द्याले. सारी गल्ली येते. घर बंद ठेवून कसं चालन?" असं म्हणून ते घाईने पेटी आवरायला लागले आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर गाव जमलं. मामाजींनी फेटा बांधला होता, पण हात रिकामे होते, त्यामुळे ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. रायफल पाटावर, बोल्ट तिच्या शेजारी पांढऱ्या फडक्यावर. कुजबुज सुरू झाली. मी कागद उघडला आणि वर्गात वाचतो त्या आवाजात वाचला:

"हत्यार: उत्तमरावजी यांच्या घरची रायफल. सेवा: दोन पिढ्या. कामगिरी: पीक राखले, सण राखला. इजा: कोणालाही नाही. तपासणीत बोल्टला वयोमानाने चीर आढळली. शेरा: सेवा पूर्ण. सन्मानाने निरोप द्यावा."

मग गर्दीतून एक म्हातारे आजोबा काठी टेकत पुढे आले, त्यांनी पाटावर आपट्याचं पान ठेवलं आणि रायफलीला हात जोडले. त्यांच्यामागे दुसरे आले. बघता बघता पाट पानांनी भरला. उत्तमराव थकला असं कोणी म्हटलं नाही. बंदूक थकली, असंच सगळे म्हणत होते. "साऱ्यांत जुनी होती, चांगली होती बिचारी," असंही एक बाई म्हणाल्या. डुकरांचं काय, असा प्रश्न निघाला तेव्हा घरोघरचे तेलाचे रिकामे डबे आले आणि साऱ्या गावाने ते असे बडवले की डुकरं तालुका सोडून गेली असावीत. मामाजींनीही एक डबा घेतला होता. फेटा सुटून खांद्यावर आला तरी त्यांचं बडवणं थांबेना. त्यांना असं हसताना मी लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

लोक पांगले तसे ते माझ्याकडे आले.

"जवाईबुवा, गाडी काढा. साहेबाले सोनं देऊन येऊ."

"आज? मामाजी, आज तर लोक तुमच्याकडे येतील."

"येतीन अन् पोरगा घेईन. हातात बंदूक आली तवापासून मी दसऱ्याले कोनाच्या घरी गेलो नाई. मलेच सारे देत आले. आज मी मोकया झालो."

वाटेत त्यांना एकच काळजी. सारी गल्ली येते म्हणतात साहेब, आपल्याला पाय ठेवायला तरी जागा मिळेल का. मी म्हणालो, मिळेल. गाडीला झेंडूची माळ होती, सुनंदाच्या मांडीवर पानांची पिशवी होती, आणि ऊन उतरायच्या आत आम्ही सिंदी मेघेला पोचलो.

वासुदेवजींचं दार सताड उघडं होतं. दारात रांगोळी होती, पुरुषाच्या हाताने काढलेली, एका बाजूला कललेली, कुठेही न पुसलेली. ते बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसले होते. शेजारी स्टुलावर मोठं ताट, त्यात खोबऱ्याच्या वड्या रांगेने लावलेल्या. रांगेतली एकही वडी कमी झालेली नव्हती.

आम्हाला पाहून ते उभे राहिले. मामाजींनी ताटाकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं, मग म्हणाले, "आमीच पयले आलो वाट्टे."

"हो," वासुदेवजी म्हणाले. "येतीन आता लोक. येतच असतीन."

भिंतीला भिंत लागून आम्ही अकरा वर्षं राहतोय. दर दसऱ्याला ते गल्लीत भेटले तर मी गेटवरूनच त्यांच्या हातात पान ठेवलं होतं आणि पुढे गेलो होतो. दसऱ्याचं म्हणून घरात कधी गेलो नाही. बाकीच्यांना निदान ते काही नापास करतील अशी भीती होती. मला तीही नव्हती. मला जायचं सुचलंच नव्हतं. दरवर्षी हे ताट असंच भरत असणार, असंच राहत असणार, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ज्या वड्या यायच्या, 'जास्तीच्या झाल्या' म्हणून, त्या मी आवडीने खाल्ल्या होत्या.

मामाजी वयाने मोठे. रीतीप्रमाणे वासुदेवजींनी त्यांच्या पाया पडायचं, आणि ते वाकलेही. मामाजींनी त्यांना मधेच धरलं, सरळ उभं केलं, दोन्ही हातांत आपट्याची पानं भरली आणि ते हात तसेच आपल्या हातांत धरून ठेवले.

"माहा डोया वाचवला तुमी," ते म्हणाले. "अन् माही इज्जतही. घ्या, सोनं घ्या."

मी वाकून वासुदेवजींच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो उचलायला विसरले.

सुनंदा आमच्यात नव्हती. ती गेटबाहेर गेली होती आणि गल्लीत एकेका घराला हाका मारत होती. समोरच्या बाईंचं दार वाजलं. त्यापलीकडचं वाजलं. कोणीतरी विचारलं, काय झालं? सुनंदा म्हणाली, "झालं काही नाही, दसरा आहे. काकांकडे चला." तिचा आवाज जरा रागावल्यासारखा येत होता, आणि तो राग आमच्या सगळ्यांवर होता.

वासुदेवजी हातातली पानं सांभाळत स्वयंपाकघराकडे वळले. दारात थांबून त्यांनी आमच्याकडे न पाहताच विचारलं, "चहा किती ठेवू?"

बाहेर चपला वाजायला लागल्या होत्या. मामाजींनी खुर्ची ओढून बैठक मारली.

"घरात असन तं मोठं भगोनं ठेवा," ते म्हणाले.